दोन वाजताची डावी कूस

१

सकाळी आठला नलू खंदारे कामावर यायची, चपला दाराबाहेर काढायची, हिरवट ॲप्रन अंगात घालायची आणि सगळ्यात आधी दिवसभराचं काम उरकून टाकायची. कागदावर.

दिग्रसच्या बाहेर कापसाची सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगची जुनी कचेरी होती, तिथे हा वृद्धाश्रम चालायचा. उंच छताचे दोन हॉल, एक स्वयंपाकघर, पुढे पडवी. शेजारी नवं जिनिंग होतं आणि कापूस सुरू झाला की ते दिवसभर घरघरत असायचं. कापसाचा भुरका हवेतून यायचा आणि मच्छरदाण्यांवर, वरणाच्या पातेल्यावर, म्हाताऱ्यांच्या भुवयांवर बसायचा. अकरा माणसं होती तिथे. आठजण काठीला, भिंतीला धरून का होईना, हिंडणारे. तिघं अंथरुणाला खिळलेले, ते मागच्या हॉलमध्ये. चार नंबरच्या खाटेवर उकंडाबाबा, मांडीचं हाड मोडलेले आणि दोन्ही डोळ्यांनी गेलेले. पाच नंबरवर देवीलालकाका, लकव्यात वाचा गेलेले. आणि पडद्यापलीकडे सहा नंबरवर कोकिळाबाई.

खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर जिथे हाड गादीला टेकतं तिथली कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग फाटते. म्हणून प्रत्येक खाटेशेजारी भिंतीला खिळा, खिळ्याला पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर झेरॉक्सचा तक्ता. आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक वेळेसमोर एक अक्षर लिहायचं. डा म्हणजे डावी कूस, पा म्हणजे पाठ, उ म्हणजे उजवी. नलू तिन्ही पुठ्ठे मांडीवर घ्यायची आणि एका दमात लिहायची: डा, पा, उ, डा, पा, उ. मग पेन खिशाला लावून संडासची बादली उचलायला जायची.

हे बरोबर नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिच्या जोडीची ममता दिवाळीआधीच कापूस वेचायला निघून गेली होती. जाताना म्हणाली होती, "कापूस बरा बाई. तो घाण करत नाही आन् शिव्या देत नाही." मॅनेजर बबनराव म्हणाले होते, चार दिवस भागव. त्या चार दिवसांना सव्वा महिना झाला होता. अकरा जणांचं खाणं, हगणं-मुतणं, आंघोळी, गोळ्या, आणि दोन हात. बबनरावांनीच एकदा समजावून सांगितलं होतं, "कागद भरला पाह्यजे नलू. तपासणीवाले कागद पाह्यतात. पाठ कोनी उघडून पाह्यत नाही."

कोकिळाबाई वारल्या त्या दिवशीही तक्ता सकाळीच भरलेला होता. दोनला डावी. चारला पाठ. पावणेपाचला नलू पडद्याआड गेली तेव्हा बाई उजव्या कुशीवर होत्या, भिंतीकडे तोंड करून, सकाळी आंघोळीनंतर ठेवल्या होत्या तशाच. अंग गार पडलेलं होतं आणि ताठरायला लागलं होतं. पाठीवर घेताना गुडघे सरळ होईनात.

२

बाई गेल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी नलू तीनच्या सुमाराला मागच्या हॉलमध्ये आली. पुढच्या हॉलमधल्या एका आजीचं पोट बिघडलं होतं, त्यात दुपार गेली होती. उकंडाबाबांच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग पडलेला तिनं सकाळीच पाहिला होता.

"चला बाबा, कूस बदलू," म्हणत तिनं त्यांच्या खांद्याला हात घातला.

"आता कायले आली वं? आत्ताच तं बदलून गेली."

नलूनं पाहिलं. म्हातारा डाव्या कुशीवर होता. दोन गुडघ्यांमध्ये उशी होती, पाठीला लोड होता, टाचेखाली फडक्याची घडी होती. सगळं कसं नीट, पद्धतशीर.

"कोनं बदलली बाबा?"

"तूच नं. दोनले. बरं वाटलं माय. हात तेवढे थंडे होते तुह्ये."

म्हाताऱ्यांचं काय, कालचं आज सांगतात आणि परवाचं उद्या. नलूनं ते हसण्यावारी नेलं. स्वयंपाकीण डबे घासून एक वाजताच निघून जायची, बबनराव दुपारी मोटारसायकल घेऊन बाजारात असायचे. मग आपणच सकाळी अशी निजवली असेल, आणि उशीही आपणच दिली असेल. पण टाचेखाली फडकं ठेवायची रीत तिची नव्हती. ती कोकिळाबाईंची होती.

कोकिळाबाई स्वतः एका दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. अंथरुणाला खिळल्या तरी त्यांनी पडल्या पडल्या नलूला हे काम शिकवलं होतं. खांदा आणि कंबर एका वेळेस धरावी. टाच अधांतरी ठेवावी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, "आधी सांगाव, मंग हात लावाव. माणूस हाय, पोतं नाही." पहिले दोन महिने नलू तसंच करायची. मग ममता गेली, सांगायला वेळ उरला नाही आणि पुढे हात लावायलाही उरला नाही. बाई शिकलेल्या होत्या. सकाळी आठला नलू मांडीवर तक्ते घेऊन बसली की पडद्याच्या फटीतून बघायच्या. एकदाच म्हणाल्या होत्या, "कागदावर तरी मी फिरून राह्यली, नाही का वं नलू?" आणि हसल्या होत्या. त्या हसण्यानं नलूचा आठवडा खराब गेला होता.

"दुपारची तू येगळीच राह्यतं," उकंडाबाबा भिंतीकडे डोळे लावून म्हणाले. "सकाळची नलू तुसडी हाय, बादली आपटते. दुपारची कशी, आधी सांगते, मंग हात लावते."

३

दुसऱ्या दिवशी नलूनं मुद्दामच काही केलं नाही. तक्ता भरला आणि दोनच्या आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. तिथून मागच्या हॉलचं दार दिसतं. दार ओढून घेतलेलं होतं. आत जायला दुसरी वाट नाही, खिडक्यांना गज आहेत.

दीड ते अडीच शेजारचं जिनिंग जेवायला थांबतं. सकाळपासून कानात बसलेली घरघर एकदम तुटते आणि एरवी ऐकू न येणाऱ्या गोष्टी ऐकू येऊ लागतात. नळाचा थेंब, पुढच्या हॉलमधलं कुणाचं तरी घोरणं, पत्र्यावर कावळ्याची नखं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन झाले. आत खाट करकरली.

मग कापडाची सळसळ. मग उशी दोनदा थोपटल्याचा आवाज, धप, धप. उशी दोनदा थोपटायची सवय नलूचीच होती, आईकडून आलेली. मग कुणीतरी हळू आवाजात काही बोललं. शब्द कळले नाहीत, पण सूर ओळखीचा वाटला. पुन्हा खाट करकरली, ही दुसरी. पुन्हा धप, धप. आणि थोड्या वेळानं तिसरी.

ती उठून दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. ती कडी उघडायला तिला किती वेळ लागला हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. आत दोघंच होते. उकंडाबाबा डाव्या कुशीवर, डोळे मिटून, तोंड सुखावलेलं. देवीलालकाकाही डाव्या कुशीवर, पण त्यांचे डोळे सताड उघडे होते आणि पडद्याकडे लागलेले होते. पावडरीचा ताजा वास येत होता. पडदा हलत होता, पण वर पंखा चालू होता, पडदा हलणारच.

घरी जाताना एसटीची वाट बघत नलूनं मनाशी हिशेब जुळवला. आपली झोप पुरत नाही. माणूस झोपेत चालतो, बोलतो, मग काम करणार नाही? आपणच करतो आणि विसरतो. उंबऱ्यावर बसलो होतो असं वाटलं, तो डुलकीतला भास असेल. हे पटण्यासारखं होतं, आणि पटलं म्हणजे बरं होतं, म्हणून तिनं पटवून घेतलं.

४

आता जे सांगायचं ते नलूला सगळ्यात जड जातं. ती घाबरली, हे खरं. पण दोन दिवसच. तिसऱ्या दिवसापासून तिनं त्याचा फायदा घेतला.

दीडला जिनिंग थांबलं की ती स्वयंपाकघरात पोत्यावर आडवी व्हायची, कानावर पदर घ्यायची आणि तीनला उठायची. तक्ता सकाळी भरलेला असायचा, काम दुपारी झालेलं असायचं. उकंडाबाबांचा लाल डाग फिका पडत गेला आणि मग गेलाच. देवीलालकाकांच्या कमरेची जुनी जखम भरून आली, तिच्यावर नवी गुलाबी कातडी धरली. मग नलू तक्त्यात आणखी भर घालू लागली. पाणी पाजलं. पाठीला तेल लावलं. नखं काढली. जे लिहिलं ते होत गेलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे पीठ खाणारी नलू होती.

बबनरावांनी एक दिवस दोघांच्या पाठी पाहिल्या आणि खूश झाले. "पाह्य, एकटीनं भागते का नाही? मी म्हनतच होतो. ममताच्या जागेवर आता कोनी ठेवायची गरजच नाही."

नलूनं पुठ्ठे परत खिळ्यांना अडकवले. झाकली मूठ होती, ती उघडायची कुणी.

फक्त घरी, रोज संध्याकाळी बुद्धवंदना म्हणताना ती एका जागी अडायला लागली. पंचशीलाची पहिली तीन शीलं तोंडातून सरळ यायची. चौथं, मुसावादा, खोटं न बोलण्याचं, तिथे जीभ टाळ्याला चिकटायची. पोरगा धम्मरत्न म्हणाला, "आई, विसरली का?" ती म्हणाली, घसा बसला. म्हणजे त्या शीलावर उभं राहूनच तिनं आणखी एक खोटं सांगितलं. तिला आपलीच इतकी लाज वाटली की ती मूर्तीसमोरची मेणबत्ती विझवायलाही वर बघेना.

५

गुरुवारी कोकिळाबाईंच्या लेकीचा, निशिगंधाचा, फोन आला. ती यवतमाळला शाळेत शिक्षिका. आई गेली त्या संध्याकाळी मिळेल त्या बसनं आली होती. ती पोचायच्या आत नलूनं बाईंना धुऊन, पुसून, नेसवून तयार ठेवलं होतं. त्यांच्या कमरेला पडलेली जखम कापूस भरून, पट्टी मारून, वरून नऊवारीचा काष्टा घट्ट करून झाकली होती. निशिगंधानं भिंतीवरचा तक्ता वाचला होता, दोनच्या डा वरून आणि चारच्या पा वरून बोट फिरवलं होतं. विचारलं होतं, "चारला पाठीवर केलं तेव्हा आई काही बोलली का हो?" आणि नलू म्हणाली होती, "हो ताई. तुमचं नाव घेतलं." त्यावर ती नलूच्या पाया पडली होती. सगळ्यांसमोर.

"उद्या तेरवी आहे," फोनवर निशिगंधा म्हणाली. "परवा शनिवारी दुपारी मी तिकडे येते. आईच्या पेटीत एक साडी आहे, रिटायर झाली तेव्हा दवाखान्यातल्या बायांनी दिली होती. तिनं घडीसुद्धा मोडली नाही. जिनं शेवटी सेवा केली तिला द्यायची आहे. तुमच्यात तेरवीचं चालतं की नाही मला माहीत नाही, पण आईसाठी घ्या. आणि तो शेवटच्या दिवसाचा तक्ता मला द्याल का? रात्री झोप आली नाही की मी तेच आठवते, की ती एकटी नव्हती."

"देतो ताई," नलू म्हणाली.

फोन ठेवून ती पडद्याआड गेली. सहा नंबरची खाट मोकळी होती, गादीचं रेक्झिन उघडं. भिंतीवर पुठ्ठा लटकत होता, तो काढायला कुणाला सुचलंच नव्हतं. तिनं शेवटच्या दिवसाचा कागद काढायला चिमटा उघडला, आणि तो कागद वरचा नव्हता. त्याच्यावर आणखी बारा होते.

सगळे भरलेले होते. डा, पा, उ, डा, पा, उ. पाणी पाजलं. पाठीला तेल लावलं. अक्षर तिचंच, पेन तिचाच. रोज सकाळी ती तीन पुठ्ठे मांडीवर घ्यायची आणि तीन पुठ्ठे भरायची. खाट कुठली, नाव कुणाचं, कधी वाचलंच नव्हतं.

मग तिला उंबऱ्यावरची दुपार आठवली. खाटा तीन करकरल्या होत्या. हॉलमध्ये माणसं दोन होती.

तिनं गादीकडे पाहिलं. पायथ्याशी, जिथे टाच येईल तिथे, फडक्याची घडी ठेवलेली होती. ती उचलून बघायचं धाडस तिला झालं नाही. रेक्झिनवर तेलाचे डाग मात्र दिसत होते, ओले.

६

शुक्रवारभर तिनं एक अक्षर लिहिलं नाही. सहा नंबरचे कागद चिमट्यासकट काढून पिशवीत घातले, पुठ्ठा खिळ्यावरून उतरवला. दोघांच्या कुशी स्वतः बदलल्या, दोन वाजता बाहेर पुढच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या मधोमध बसून राहिली आणि मोठ्यानं रेडिओ लावला.

शनिवारी आठला आली तर तिन्ही पुठ्ठे खिळ्यांवर होते. तिन्हींवर नवे कागद होते आणि ते भरलेले होते. तिच्या अक्षरात, तिच्या तिरप्या डा मध्ये.

रात्री आश्रमातच झोपणारे बबनराव पडवीत दात घासत होते. नलूनं विचारलं, कागद कुणी भरले.

"तूच नं," ते म्हणाले. "साडेसहाले आलती. मी म्हनलं चहा घे, तं म्हणे आधी कूस, मंग चहा. तब्येत बरी हाय नं तुही? आवाज कसा गोड झालता." आणि चूळ भरायला मोरीकडे गेले.

नलूनं तो दिवस जसा काढला तसा कधी काढला नव्हता. आठला कूस बदलली, दहाला बदलली, बाराला बदलली. पाठ भरून आली, दंडाला गोळे आले. तक्त्याकडे बघितलंच नाही. मनात एकच चाललं होतं. ताई दोनपर्यंत येतील. साडी पुढे करतील. साडी घेतली तर ते खोटं जन्मभर अंगावर नेसावं लागेल. नाही घेतली तर का नाही ते सांगावं लागेल, आणि मग त्या बाईची रात्रीची झोप जाईल ती जाईलच. तिनं दोन्हीकडून विचार केला. चोराच्या मनात चांदणं असतं, पण त्या चांदण्यात वाट दिसेलच असं नाही.

७

निशिगंधा पावणेदोनला आली. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. जिनिंग नुकतंच थांबलं होतं. नलूनं तिला पडवीत बाकावर बसवलं, पाणी दिलं. मागच्या हॉलचं दार तिथून समोर दिसत होतं. पाणी पिऊन निशिगंधानं पिशवीतून साडी काढली. मोरपंखी रंगाची, काठाला जर, घडीच्या रेषा पिवळ्या पडलेल्या.

"घ्या नलूताई."

नलूनं हात मागे घेतले. ॲप्रनला पुसले, पुन्हा मागे घेतले.

"ताई, दोनला मी नव्हती तिथं. चारला पण नव्हती. ते मी सकाळीच लिहून ठेवलं होतं. रोज लिवतो. आई गेल्या तवा त्यायच्यापाशी कोनी नव्हतं."

निशिगंधानं साडी तशीच पुढे धरलेली होती.

"कमरेले जखम होती. मी झाकली. तुमाले दिसू नाही म्हनून झाकली." आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही हे नलूला समजत होतं. "आन् त्या दिवशी मी कामात होती असं मी सगळ्यायले सांगतलं. होती कामात. पण एक ते दोन मी झोपली होती, त्या पोत्यावर. झोपेत मले हाक ऐकू आली. मी म्हनलं, येतो, पाच मिन्टं. मनातच म्हनलं. त्यायनं तुमचं नाव नव्हतं घेतलं ताई. माहं घेतलं होतं. दोनदा."

निशिगंधाचा चेहरा असा झाला की नलूला तो बघवेना. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. पडवीत कापसाचा भुरका तरंगत होता. निशिगंधानं साडी मांडीवर घेतली आणि अगदी हळू म्हणाली, "माझ्याकडे तेवढंच होतं हो. ते नाव."

घड्याळात दोन झाले.

आत खाट करकरली. धप, धप. मग दुसरी. मग पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्याचा आवाज आला, आणि बाईचा आवाज, स्पष्ट, प्रेमळ, घाई नसलेला.

"आई, आता डाव्या कुशीवर घेतो हं. आधी सांगून राह्यली. आता हात लावतो."

आवाज नलूचा होता. निशिगंधानं नलूच्या तोंडाकडे पाहिलं. नलूचे ओठ मिटलेले होते.

निशिगंधा साडी घेऊन उठली. नलू "ताई, नका जाऊ" म्हणाली असेल किंवा तसं म्हणावं असं तिला वाटलं असेल. निशिगंधानं दार ढकललं. तिच्या खांद्यावरून नलूला क्षणभर दिसलं ते एवढंच: अर्धा सरकलेला पडदा, त्याआड वाकलेली एक पाठ, हिरवट ॲप्रनची गाठ, आणि खाटेच्या कडेला एक बारीक, पांढुरकं पाऊल. पावलाखाली एक हात गेला आणि त्यानं फडक्याची घडी सारखी केली. सावकाश, टाच अधांतरी राहील अशी.

नलूनं डोळे झाकून घेतले. भीतीनं नाही. भीती असती तर ती पळाली असती. समोरची ती बाई आपलं काम करत होती आणि ते काम बघायला नलूला तोंड नव्हतं, म्हणून.

दार लागल्याचा आवाज आला. आत किती वेळ गेला कोण जाणे. दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा तिसरंही कुणी बोलल्यासारखं वाटलं, म्हाताऱ्या, बसक्या आवाजात, एकच शब्द. तो कुठला होता ते नलूनं ऐकलं नाही, ऐकायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं.

निशिगंधा बाहेर आली तेव्हा तिचे गाल ओले होते आणि हात रिकामे होते. चपला घालताना ती थांबली, पण नलूकडे बघितलं नाही.

"साडी दिली," ती म्हणाली. "जिनं केलं तिला."

आणि फाटकातून रस्त्याला लागली. ऑटोला हात करताना दिसली, मग दिसली नाही. जिनिंग पुन्हा सुरू झालं.

नलू आत गेली. पडदा सरळ लावलेला होता, पंख्यानं हलत होता. पडद्यापलीकडे ती गेली नाही. साडी कुठे दिसली नाही. देवीलालकाकांनी तिच्याकडे बघून मान वळवून घेतली. ती उकंडाबाबांच्या खाटेशी गेली, त्यांच्या उशाशी वाकली, आणि कितीतरी दिवसांनी आधी बोलली.

"बाबा, पाठीवर घेतो हं तुमाले. आता हात लावतो."

तिचे घामेजलेले, गरम हात खांद्याला आणि कमरेला लागले तसा म्हातारा दचकला. त्यानं चाचपून तिचं मनगट धरलं, बोटं ओळखायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं.

"कोन हाय वं माय? नलू आत्ताच तं बदलून गेली."

नलूनं त्यांच्या पाठीचा लोड काढून बाजूला ठेवला.

"नवी लागली का इथं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो बाबा," नलू म्हणाली. "आजच लागली."